दुहेरीचा सामना रात्री पावणेदहाला का? : सांगली जिल्ह्यातील बॅडमिंटन संयोजक, प्रशिक्षक आणि पालकांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील बॅडमिंटन स्पर्धांचे संयोजक, प्रशिक्षक आणि खेळाडूंचे पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मिरजेत गेली २१ वर्षे मी क्रीडाशिक्षिका म्हणून काम करते आणि शाळा सुटल्यावर मुलांना बॅडमिंटन शिकवते. आपल्यापैकी अनेकांशी माझी ओळख आहे; काहींच्या मुलांच्या हातात पहिली रॅकेट मीच दिली आहे. स्पर्धेच्या टेबलापाशी घाईगर्दीत जे बोलता येत नाही, ते सविस्तर लिहून आपल्यापुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. माझी विनंती अशी की, आपल्या जिल्ह्यात १३ आणि १५ वर्षांखालील मुलामुलींच्या दुहेरीला एकेरीच्या बरोबरीने वेळ, कोर्ट आणि मान मिळावा, आणि जमू लागलेली जोडी एक-दोन पराभवांवरून मोडली जाऊ नये.

गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेत माझ्याकडच्या दोन मुली १५ वर्षांखालील दुहेरीत खेळत होत्या. एक मिरजेची, दुसरी तासगावची. एकेरीचे सामने लांबत गेले आणि यांची उपांत्य फेरी रात्री पावणेदहाला सुरू झाली. हॉल बंद करायची वेळ झाल्यामुळे तीन गेमऐवजी १५ गुणांचा एकच गेम खेळवला गेला, आणि पिसांची शटल संपल्यामुळे तोही नायलॉनच्या शटलवर. मुली हरल्या. हरण्याचे मला वाईट वाटले नाही, कारण समोरची जोडी चांगली होती. वाईट वाटले ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा तासगावच्या मुलीच्या वडिलांनी मला विचारले, "मॅडम, डबल्समध्ये पुढे काय आहे? तिला आता सिंगल्सवरच लक्ष देऊ दे की." त्यांच्या प्रश्नात काही चूक नव्हती. रोज संध्याकाळी मुलीला मोटारसायकलवरून आणणारा, पिसांच्या शटलच्या डब्याची किंमत माहीत असणारा तो माणूस आहे. ज्या सामन्याला आपण स्वतःच उरलेला वेळ देतो, त्यात मुलीचे भवितव्य आहे असे त्याने कशावरून मानावे? त्यांना मी तेव्हा जे उत्तर नीट देऊ शकले नाही, ते आज देते, आणि ते एका दुहेरीच्या खेळाडूच्या आयुष्यातूनच देते.

चिराग शेट्टी याचा जन्म ४ जुलै १९९७ रोजी मुंबईत झाला. गोरेगावला उदय पवार यांच्या अकादमीत तो घडला, आणि पवार हे स्वतः दुहेरीतले नामवंत खेळाडू. ज्याला पुढे दुहेरीतच नाव करायचे होते, त्याला सुरुवातीलाच दुहेरी जाणणारा गुरू लाभला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे तो हैदराबादला गेला. तिथे त्याला जोडीदार मिळाला तो सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी, आंध्र प्रदेशातल्या अमलापुरमचा, १३ ऑगस्ट २००० रोजी जन्मलेला, म्हणजे चिरागहून तीन वर्षांनी लहान. अमलापुरम हे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातले गाव आहे आणि सात्त्विकचे वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. एका शिक्षकाच्या घरातला मुलगा तिथून निघतो आणि जगातला पहिल्या क्रमांकाचा दुहेरी खेळाडू होतो, हे आपल्या पेशातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे.

या दोघांना एकत्र आणले ते मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी. दोघांचा पिंड सारखाच होता : दोघेही उंच, दोघेही जोरदार स्मॅश मारणारे, दोघांनाही कोर्टाच्या मागच्या भागात राहायची सवय. एरवी प्रशिक्षक एक मागे मारणारा आणि एक पुढे नेटवर हलणारा अशी जोडी शोधतात. इथे दोन्ही मागचेच, त्यात मातृभाषा वेगळ्या, वयात अंतर. टॅन यांनी हा डाव मांडला आणि चिरागने पुढे येऊन नेटवरचा खेळ अंगी बाणवला. आपल्याला येते ते बाजूला ठेवून जोडीला जे हवे ते शिकायचे, याला लागणारा संयम किती मोठा असतो, हे १३-१४ वर्षांच्या मुलांना हाताळणाऱ्या आपल्याला मी सांगायला नको. सात्त्विकच्या स्मॅशची ताशी ५६५ किलोमीटर इतकी विक्रमी नोंद झालेली आहे आणि मुले तिचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतात. पण तो स्मॅश मारण्याची संधी बहुतेक वेळा पुढे उभ्या असलेल्या जोडीदाराने शटल खाली पाडून, समोरच्याला उचलायला भाग पाडून दिलेली असते. ते दृश्य त्या व्हिडिओत दिसत नाही, ते आपण शिकवायचे असते.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीने रौप्यपदक मिळवले, आणि २०१९ मध्ये थायलंड ओपन जिंकून सुपर ५०० दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय पुरुष जोडी ठरली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिक आले. तिथे त्यांनी गटातल्या तीनपैकी दोन लढती जिंकल्या, त्यातही चिनी तैपेईच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असे हरवले. तरीही जिंकलेल्या-हरलेल्या गेमच्या हिशेबात ते उपांत्यपूर्व फेरीबाहेर राहिले, आणि ज्यांना त्यांनी हरवले होते तीच जोडी सुवर्णपदक घेऊन गेली. असा निकाल पदरी आल्यावर जोडी टिकणे सोपे नसते. त्यांची टिकली.

पुढच्याच वर्षी, १५ मे २०२२ रोजी, बँकॉकमध्ये भारताने थॉमस कप, म्हणजे पुरुष संघांची जागतिक स्पर्धा, जिंकला. भारत तोवर कधी अंतिम फेरीतही गेला नव्हता, आणि समोर १४ वेळा विजेता ठरलेला इंडोनेशियाचा संघ होता. लक्ष्य सेनने पहिली एकेरी जिंकली, मग कोर्टावर हे दोघे उतरले. पहिला गेम गेला. दुसऱ्यात त्यांनी चार मॅच पॉइंट वाचवले आणि १८-२१, २३-२१, २१-१९ असा सामना खेचून आणला. नंतर किदांबी श्रीकांतने तिसरी लढत जिंकून कप घेतला. थॉमस कपच्या पाच लढतींत दोन दुहेरीच्या असतात. एकेरीचे उत्तम खेळाडू आपल्याकडे दशकानुदशके होते; भरवशाची दुहेरीची जोडी मिळाली आणि कप आला. याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ती स्पर्धा आपल्या सांगलीकरांच्या चांगली लक्षात आहे, कारण भारताचे पहिले पदक आपल्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगमध्ये ५५ किलो गटात मिळवले होते आणि सारे शहर त्या आनंदात न्हाऊन निघाले होते. त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी महाराष्ट्राचा आणखी एक मुलगा सुवर्णपदक घेत होता, याची आठवण मात्र मी विचारल्यावर माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला नव्हती. ऑगस्टमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. पुरुष दुहेरीतले ते भारताचे पहिले जागतिक पदक.

आता ज्या भागासाठी मी ही कहाणी इतक्या विस्ताराने सांगते आहे, तिथे येते. मलेशियाचे आरोन चिया आणि सोह वूई यिक हे २०२२ चे जगज्जेते. त्यांच्याविरुद्ध सात्त्विक आणि चिराग सलग आठ सामने हरले होते. आपल्याकडे तीन सामने हरल्यावर पालक नवा पार्टनर शोधू लागतात, आणि खरे सांगायचे तर आम्ही प्रशिक्षकही त्यांना थांबवत नाही. या दोघांनी जोडी बदलली नाही. डेन्मार्कचे माथियास बो यांच्या मार्गदर्शनाखाली ते तेच तेच दुवे घट्ट करत राहिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये दुबईत त्यांनी आशियाई अजिंक्यपद जिंकले. १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी एकेरीत जिंकल्यानंतर ५८ वर्षांनी भारताला ते मिळाले. जूनमध्ये इंडोनेशिया ओपनच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा चिया आणि सोह आले, आणि या नवव्या भेटीत आपली जोडी २१-१७, २१-१८ अशी जिंकली. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत उपांत्य फेरीत पुन्हा तीच मलेशियन जोडी होती. तिला हरवून आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ असे नमवून त्यांनी आशियाई क्रीडा स्पर्धेतले बॅडमिंटनमधले भारताचे पहिले सुवर्णपदक मिळवले. त्याच महिन्यात ते जागतिक क्रमवारीत पहिले आले. खेलरत्न पुरस्कारही २०२३ या वर्षासाठीच मिळाला.

कहाणी इथे संपली असती तर ती गोष्टीच्या पुस्तकात शोभली असती, पण खेळात तसे होत नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी पहिला गेम २१-१३ असा घेतला आणि पुढचे दोन गमावले. समोर चिया आणि सोहच होते. पदकाची आशा लावून बसलेले आम्ही सगळे त्या संध्याकाळी हॉलमधल्या एका मोबाइलभोवती उभे होतो. सामना संपल्यावर मुले काही न बोलता शटल गोळा करू लागली. बो यांनी त्यानंतर प्रशिक्षणातून निवृत्ती घेतली. एक वर्षाने, ऑगस्ट २०२५ मध्ये, पॅरिसमधल्या त्याच संकुलात जागतिक स्पर्धा झाली, त्याच उपांत्यपूर्व फेरीत तीच मलेशियन जोडी आली, आणि या वेळी आपली जोडी २१-१२, २१-१९ अशी जिंकून दुसऱ्या जागतिक कांस्यपदकापर्यंत पोहोचली. तोवर टॅन किम हर पुन्हा भारताच्या दुहेरीच्या प्रशिक्षकपदी आले होते.

तासगावच्या त्या वडिलांना माझे उत्तर हे आहे. दुहेरीत पुढे आशियाई सुवर्ण आहे, जागतिक क्रमवारीतले पहिले स्थान आहे, खेलरत्न आहे. आणि मुलीसाठी विचारत असाल तर आपल्याच राज्यातल्या वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टा हिने अश्विनी पोनप्पाबरोबर २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांना मिळालेल्या कांस्यानंतर जागतिक स्पर्धेतले भारताचे ते पहिलेच पदक होते. त्याही आधी, १९७८ मध्ये, एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अमी घिया आणि कंवल ठाकरसिंग यांनी महिला दुहेरीत कांस्य मिळवले होते. मुलींच्या दुहेरीची वाट आपल्या देशात इतकी जुनी आहे.

दखलीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी राज्याने ११ कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा थॉमस कप जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा आपण एकटेच होतो, तरी आपली दखल घेतली गेली नाही, अशी खंत चिरागने जाहीरपणे मांडली होती. राज्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु जी उपेक्षा त्याच्या वाट्याला मुंबईत आली, तिचेच लहान रूप आपल्या हॉलमध्ये रात्री पावणेदहाला घडते, आणि ते बदलणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

शिवाय सांगलीने हे विसरावे, याचे मला अधिक दुःख होते. नंदू नाटेकर १२ मे १९३३ रोजी याच शहरात जन्मले. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशातले विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. एवढे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्यांच्या १७ राष्ट्रीय विजेतेपदांची विभागणी पाहा : एकेरीत ६, पुरुष दुहेरीत ६ आणि मिश्र दुहेरीत ५. म्हणजे आपण ज्यांना एकेरीचे कलावंत म्हणून ओळखतो, त्यांची ११ राष्ट्रीय विजेतेपदे जोडीदाराच्या साथीने आलेली आहेत. त्यांच्या काळी थॉमस कपच्या एका सामन्यात नऊ लढती असत, पाच एकेरीच्या आणि चार दुहेरीच्या, आणि तेच खेळाडू दोन्ही खेळत. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर टेनिसकडे वळले, तर त्यांनीही १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते लिअँडर पेसबरोबर, दुहेरीतच. २८ जुलै २०२१ रोजी नंदू नाटेकर पुण्यात निवर्तले. त्यांच्या जन्मगावात दुहेरी हा उरलेल्या वेळेचा खेळ असावा, हे मला पटत नाही.

दुहेरी म्हणजे एकेरीत मागे पडलेल्यांचा खेळ, हा समज जाण्यासाठी थोडे खेळाविषयीही लिहायला हवे. दुहेरीचे कोर्ट एकेरीपेक्षा रुंद, ६.१० मीटर; पण सर्व्हिसचा चौकोन मागून ७६ सेंटिमीटरने आखूड. त्यामुळे उंच सर्व्हिस करून समोरच्याला मागे ढकलण्याची सोय उरत नाही, आणि सर्व्हिस घेणारा रेषेला खेटून, रॅकेट वर धरून उभा असतो. सर्व्हिस १.१५ मीटर उंचीच्या खालून करायची आणि ती नेटच्या वर बोटभर अंतराने जायला हवी. चार बोटे वर गेली की शटल थेट छातीवर येते. पहिल्या तीन-चार फटक्यांतच रॅलीचा कल ठरतो. आक्रमणात एक पुढे आणि एक मागे, बचावात दोघे शेजारी शेजारी, आणि हा बदल दर सेकंदाला, न बोलता, जोडीदाराच्या खांद्याच्या हालचालीवरून करायचा. हे दहा मिनिटे उरली म्हणून शिकवता येत नाही. एकेरीत तयार झालेल्या मुलाला १७ व्या वर्षी दुहेरीत उभे केले, तर त्याचे पाय कोर्टाच्या मधोमध परतत राहतात आणि तो जोडीदारावर जाऊन आदळतो. ती सवय मोडायला वर्ष जाते.

आपल्या अडचणींचा विचार केला तरी दुहेरी आपल्याला सोयीची आहे. तालुक्याच्या गावांतले बरेच हॉल मुळात दुसऱ्या कामासाठी बांधलेले, त्यांचे छत बुटके. एकेरीतला उंच टॉस तुळईला लागतो. दुहेरीतले सपाट ड्राइव्ह, छोटी सर्व्हिस, नेटवरचे किल (शटल जोरात खाली आपटण्याचे फटके) तिथे अडचणीशिवाय घोटता येतात. कोर्ट दोन आणि मुले २४, ही बहुतेकांची स्थिती. एकेरीत एका वेळी चार मुले खेळतात आणि वीस भिंतीशी बसतात, दुहेरीत आठ खेळतात.

संयोजकांना मी असे सुचवते की, दोन दिवसांच्या स्पर्धेत दुहेरीच्या फेऱ्या पहिल्या सकाळपासून एकेरीच्या बरोबरीने सुरू कराव्यात आणि वेळ कमी पडलाच तर काटछाट दोन्हींत समान व्हावी. त्यासाठी प्रवेशसंख्येवर मर्यादा घालावी लागली तरी चालेल. प्रशिक्षक मित्रांना विनंती की, आठवड्यातला एक पूर्ण दिवस दुहेरीसाठी राखावा आणि वेगवेगळ्या केंद्रांतल्या मुलांची जोडी जमत असेल तर ती आपल्या केंद्राच्या अभिमानापायी अडवू नये. विट्याचा मुलगा आणि इस्लामपूरचा मुलगा महिन्यातून दोन रविवार एकत्र आले तरी पुष्कळ काम होते. माझ्याकडची दोन कोर्ट रविवारी सकाळी ७ ते १० या वेळेत जिल्ह्यातल्या कोणत्याही जोडीसाठी मोकळी राहतील आणि त्याचे शुल्क मी घेणार नाही. पालकांना एवढेच मागते की, जोडीला दोन वर्षे द्यावीत. सामना हरल्यावर कोणामुळे हरलो, हा प्रश्न घरी जाताना गाडीवर मुलांना विचारू नये.

मिरज आणि तासगावच्या त्या दोन मुली अजून एकत्र सराव करत आहेत. वडिलांनी माझ्या शब्दावर पुढच्या मोसमापर्यंत थांबायचे मान्य केले आहे. येत्या जिल्हा स्पर्धेसाठी त्यांची एन्ट्री मी जोडी म्हणूनच भरणार आहे. त्यांचा सामना दिवसाउजेडी, पिसांच्या शटलवर आणि पूर्ण तीन गेमचा व्हावा, आणि तसा निर्णय ड्रॉ काढण्यापूर्वी सर्व केंद्रांना कळवावा, ही विनंती.

आपली,
मिरजेची एक क्रीडाशिक्षिका